नेरिसने बंद राहू न दिलेलं फाटक

आमची नेरिस शाळेत भूगोल शिकवते, पण वाढली मेंढ्या पाळणाऱ्या घरात. तंबू-बिछाना सायकलींना बांधून आम्ही चौघं दरवर्षी वेल्सच्या डोंगरांतल्या कच्च्या वाटांवर भटकतो. यंदा ऊन कडक होतं. तिसऱ्या दुपारी लांबलचक उतार संपवून ओढ्याशी टेकलो, तेव्हा कार्डिफ शहरात वाढलेला गेथिन ऐटीत म्हणाला, "वरच्या कुरणाचं फाटक कुणीतरी उघडं टाकलं होतं. मी नीट लावून आलो."

नेरिसचा चेहराच बदलला. "त्याला दगड लावलेला होता ना?"

"हो. तो सरकवताना कंबर मोडली माझी."

"अरे शहाण्या, तो दगड काय मेंढ्यांनी लावला? वर पाण्याचा थेंब नाही. ह्या ओढ्यावर यायला त्यांना तेवढीच वाट आहे. फाटक जसं दिसेल तसंच ठेवायचं, एवढंही कळत नाही?"

"अगं, संध्याकाळी येईल की मालक. आता परत तो चढ?"

"पिल्लांची तहान संध्याकाळपर्यंत थांबते होय रे?" तिने सामान सोडून धाडकन खाली टाकलं आणि सायकल वळवली. गेथिनही उठला.

"तू येऊ नकोस! तुला बघून डोकं फिरतंय माझं."

तरी तो मागोमाग गेलाच.

ऊन कलल्यावर आधी मेंढ्या उतरल्या, पिल्लांसकट, धावत. मागून ती दोघं, सायकली हातात धरून. मेंढ्यांचं पाणी पिऊन झालं तरी नेरिसचं झापणं संपलं नव्हतं, आणि त्याला सोडवायला आमच्यापैकी कोणी मध्ये पडलं नाही.