अध्यक्षबाईंची गाडी

आमच्या जिल्ह्यात दारूबंदी आहे. बाहेरगावचे लोक हे ऐकून आदराने मान हलवतात. सेवाग्राम जवळ असल्यामुळे हा मान आमच्या वाट्याला आला आणि आम्ही तो राखतो, म्हणजे दारूचं दुकान उघडत नाही. त्यामुळे दारू आणायला दुकानात जावं लागत नाही, ती घरी येते. नालवाडीच्या आमच्या गल्लीत दूधवाल्याचा खाडा होतो, या दुसऱ्या माणसाचा झालेला मला आठवत नाही.

माझी बायको या दुसऱ्या माणसाच्या मागावर असते. ती सेवाग्रामच्या दवाखान्यात नर्स आहे आणि उरलेल्या वेळात आमच्या भागातल्या दारूबंदी महिला मंडळाची अध्यक्ष. मंडळाची बैठक विहारात होते. बैठक संपली की बायका चपला घालतात आणि थेट धाडीला निघतात. पोलिसांची धाड आणि बायकांची धाड यांत एकच फरक आहे. पोलिसांची धाड विक्रेत्याला आदल्या दिवशी कळते.

या धाडींचं वाहन म्हणजे बायकोची जांभळी मोपेड. तिचा हॉर्न एकदा दाबला की दोनदा वाजायचा आणि तो ऐकला की गल्लीतल्या दारूच्या कॅन भिंतीवरून पलीकडे उड्या मारायच्या. सेवाग्राम रस्त्यावर नाकाबंदी असली की लांबूनच जांभळा रंग पाहून शिपाई अडसर बाजूला करायचा. "या ताई, जय भीम," म्हणायचा. हॉस्पिटलची ड्युटी, मंडळाचं काम, चेहऱ्यावर आमच्याकडच्या उन्हामुळे गुंडाळलेला स्कार्फ आणि वर हेल्मेट. डोळ्यांखेरीज काही दिसायचं नाही, पण पाहायची गरजच नव्हती. गाडी हीच ओळख होती.

एका दुपारी ती गाडी आमच्या फाटकासमोरून चोरीला गेली. मी घरातच होतो, वाचत होतो. बायकोच्या मते याचा अर्थ घरात कोणी नव्हतं.

आम्ही ठाण्यात गेलो. हवालदार ओळखीचे.

"बसा ताई. चहा घेता?"

"गाडी चोरीला गेली भाऊ."

"एकदम चोरीवर कायले येता? कुठं लावून विसरल्या असान. आठवून पाहा."

"घरासमोर लावली होती. घर नाई विसरली मी."

हवालदारांनी खुर्ची पुढे ओढली आणि घरच्या माणसाशी बोलावं तसा आवाज उतरवला. "आता खरं सांगतो ताई. आपल्या ठान्यात यंदा गाडीचोऱ्या लई कमी झाल्या. वरून शाबासकी आली हाये. आता तुमीच आपल्या मानसायचा रेकॉर्ड खराब करान का? गुन्हा राहू द्या. साधा अर्ज द्या, गाडी गहाळ झाली म्हनून."

"गहाळ व्हायले ती का चष्मा हाये?" बायको म्हणाली आणि तिने विनाकारण माझ्याकडे पाहिलं.

चोऱ्या कशा कमी होतात यावर मी आयुष्यात बरंच वाचलं होतं. शिक्षण, रोजगार, समाजाची घडी वगैरे. इतका सोपा उपाय कुठल्याही ग्रंथात नव्हता. चोरीला गहाळ म्हणायचं.

अर्ज लिहायला ठाण्यात कागद नव्हता. समोरच्या झेरॉक्सवाल्याकडून आणा म्हणाले, आणताच आहात तर थोडे जास्त आणा. मी आणले. शोध घ्यायचा तर जीपमध्ये डिझेल नव्हतं. ज्याची गाडी गेली त्याने डिझेलची सोय करायची पद्धत आहे, हे हवालदारांनी खिडकीबाहेर पाहत सांगितलं.

"गाडीच नाई म्हनून तं आली," बायको म्हणाली. "डिझेल का डोक्यावर आनू?"

जीप निघाली नाही. अर्जावर पोच म्हणून शिक्का तेवढा मिळाला.

चौकात कॅमेरा आहे. तो बसवला तेव्हा मांडव घातला होता, फीत कापली होती आणि 'आता गुन्हेगारांची खैर नाही' असं भाषण झालं होतं. त्यातलं चित्र पाहता येईल का म्हणून मी विचारायला गेलो. खांबावर एका नेत्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स बांधलेला होता आणि कॅमेरा नेमका त्याच्या मागे आला होता. वाढदिवस होऊन बराच काळ लोटला होता. पण तो फ्लेक्स काढायची हिंमत गुन्हेगारांत नव्हती, पोलिसांतही नव्हती. कॅमेऱ्याने आजवर जे काही टिपलं असेल ते नेत्याच्या मानेची मागची बाजू असावी.

बायको ऑटोने ड्युटीवर जाऊ लागली. मंडळाच्या धाडी थंडावल्या, कारण पायी धाड घालायची तर अर्ध्या वाटेत बातमी पुढे पोहोचते. आणि मग एक विचित्र गोष्ट सुरू झाली. लोक बायकोवर रुसू लागले.

"ताई, काल आष्टीच्या रस्त्यानं लई जोरात चालल्या होत्या," पानठेल्यावाला म्हणाला. "मी हात केला तं पाह्यलं बी नाई."

"मी काल वार्डात होती."

"मंग गाडी कोनाची होती? तोच हॉर्न वाजला, दोनदा."

मंडळातल्या एक काकूही फुरंगटल्या. "अध्यक्ष झाल्यापासून बाई थांबत नाई कोनासाठी," असं त्या विहारात बोलल्या म्हणे.

हळूहळू उलगडा झाला. चोर हुशार होता. त्याने मोपेड विकली नाही. तोंडाला स्कार्फ बांधला, वर हेल्मेट घातलं आणि पायाशी खोकी ठेवून तो जिल्हाभर दारू पोचवू लागला. नाकाबंदीत त्याच्यासाठी अडसर बाजूला होत होते. एखादा शिपाई जय भीमही घालत असणार. दारूबंदीच्या जिल्ह्यात दारू वाहायला दारूबंदीच्या अध्यक्षांच्या गाडीइतकी सुरक्षित गाडी दुसरी कुठली?

हे आम्ही ठाण्यात सांगितलं. हवालदार म्हणाले, "गहाळ झालेली गाडी दारू कशी वाहीन, ताई?"

गाडी पकडली गेली ती निव्वळ योगायोगाने. नाकाबंदीवर बदलून आलेला एक नवा फौजदार उभा होता. त्याला जांभळ्या रंगाचं माहात्म्य कोणी सांगितलं नव्हतं. त्याने हात दाखवला, चालवणारा गाडी टाकून तुरीच्या वावरात पळाला. दुसऱ्या दिवशी पेपरात आलं की आरोपी अंधाराचा फायदा घेऊन पसार झाला. घटना भर दुपारची होती. पण पोलिसांच्या बातमीत आरोपी पळतो तो अंधारातच.

चोरी झाली तेव्हा ज्यांना आमच्या घराकडे यायला डिझेल मिळालं नव्हतं, ते हवालदार बातमी आली त्याच संध्याकाळी दारात हजर झाले. हातात प्लास्टिकची फाईल.

"ताई, दोन कागद हायेत. दोन्हीवर सही लागन."

पहिली नोटीस होती. तुमच्या मालकीच्या वाहनात अवैध दारू मिळून आल्याने चौकशीसाठी हजर राहावे. दुसरी निमंत्रणपत्रिका होती, गुळगुळीत, सोनेरी कडेची. जप्त दारूवर रोडरोलर फिरवून ती नष्ट करण्याचा भव्य कार्यक्रम, नेत्यांच्या शुभहस्ते, आणि त्यात दारूबंदीच्या रणरागिणी म्हणून माझ्या बायकोचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार.

"हे दोन्ही एकाच ठान्यातून आलं का, भाऊ?" बायकोने विचारलं.

"हो. टेबल येगयेगळे हायेत."

त्या रात्री ती जेवली नाही. दारूच्या गुन्ह्यात नाव आलं तर दवाखान्यात मान खाली घालून फिरावं लागणार होतं, आणि मंडळ तर संपल्यातच जमा होतं. इतकी वर्षं तिने ज्यांच्या कॅन ओतल्या ते आता तिच्याकडे पाहून हसणार होते. मी तिला इतिहासातल्या खोट्या आरोपांची दोन-तीन उदाहरणं दिली. ती म्हणाली, "त्या लोकायले नालवाडीत राहाचं नव्हतं."

दुसऱ्या दिवशी आम्ही ठाणेदारांसमोर बसलो. अर्जाची पोच बायकोने टेबलावर ठेवली. ठाणेदार अडचणीत होते. पत्रिका वाटून झाल्या होत्या, नेत्याचं नाव छापलं होतं, आणि सत्कारमूर्तीच आरोपी निघत होती.

"काही काळजी करू नका, ताई. आपण चोरीचा गुन्हा आज दाखल करून टाकू."

"मी तेच म्हनत होती."

पण चोरी झाली कधी असं लिहायचं? खरी तारीख लिहिली तर इतके दिवस गुन्हा का नोंदवला नाही, असं वरून विचारलं जाणार. ठाणेदारांनी थोडा विचार केला आणि लिहिणाऱ्या जमादाराला सांगितलं, "काल चोरीला गेली असं लिहा."

बायको कुठलाही कागद वाचल्याशिवाय सही करत नाही. दवाखान्यातली सवय. तिने वाचलं. "साहेब, तारीख चुकली."

"ते टेक्निकल असतं, ताई. तुम्हाला नाही समजायचं."

"बरं," बायको म्हणाली. हा 'बरं' मला ओळखीचा आहे. त्यानंतर मी वाद घालत नाही. ठाणेदारांचा संसार बहुधा नवा असावा, ते निश्चिंत दिसले. तिने सही केली, आपली प्रत मागून घेतली आणि घडी करून पर्समध्ये ठेवली.

ऑटोत बसल्यावर ती म्हणाली, "गाडी यायनं परवा पकडली ना?"

"हो."

"तवापासून यायच्याच आवारात उभी हाये."

"हो."

"आन काल चोरीला गेली."

"कागदावर तसंच आहे."

"मंग कुठून गेली?"

ऑटोवाल्याने आरशातून आमच्याकडे पाहिलं. मी हसायला लागलो, पण ती हसली नाही. "या कागदानं मी सुटत नाई," ती म्हणाली. "दारू सापडली तवा गाडी माझ्याच हातात होती, असाच याचा अर्थ होते. मी अडकतेच. पन हे बी अडकते."

कार्यक्रम दुसऱ्याच दिवशी ठाण्याच्या मैदानात झाला. मांडवाला झालर, स्पीकरवर देशभक्तीची गाणी, पुढच्या रांगेत सोफे. नेता उशिरा आला आणि उशिराबद्दल आम्हीच दिलगीर असल्यासारखं त्याचं स्वागत झालं. मग रोडरोलर निघाला. त्यालाही हार घातला होता. बाटल्या फुटू लागल्या. मैदानाच्या कडेला काही पुरुषमंडळी उभी होती, त्यांचे चेहरे मयतीत असावेत तसे होते. पुढच्या खोक्यांचा वास नेत्यापर्यंत पोचला, त्याने नाकाला रुमाल लावला. मागच्या खोक्यांना वासच नव्हता. त्यांत पाणी असावं असं मंडळातल्या बायकांचं मत पडलं. या विषयात त्यांचा अभ्यास आहे.

मांडवाच्या मागे, जप्त वाहनांच्या रांगेत, जांभळी मोपेड उभी होती. बायकोला ती स्टेजवरून दिसत होती.

सत्कार झाला. निवेदकाने माईक पुढे केला. "ताई, दोन शब्द."

बायकोने पदर सावरला. सगळ्यांची नावं ओळीने घेऊन आभार मानले. मग म्हणाली, "आज माझ्यापेक्षा मोठा सत्कार आपल्या ठाणेदारसाहेबायचा व्हायले पायजे. परवाच्या दिवशी माझी गाडी याच ठान्याच्या आवारातून चोरीला गेली, आन साहेबायनं याच आवारातून शोधून काढली. ते पाहा, तिकडे उभी हाये. गुन्हा साहेबायनंच लिहून घेतला, त्याची प्रत माझ्या पर्समध्ये हाये. असा तपास मी आयुष्यात पाह्यला नाई."

आणि तिने अंगावरची शाल काढून ठाणेदारांच्या खांद्यावर घातली.

मंडळातल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. त्या थांबेनात. नेत्याला काही कळलं नव्हतं, पण टाळ्या चालू आहेत म्हटल्यावर त्यानेही वाजवल्या. शेजारच्या वरिष्ठ साहेबांना मात्र कळलं. त्यांनी हसऱ्या चेहऱ्याने ठाणेदारांच्या कानात काहीतरी विचारलं. ठाणेदारांनी शाल घट्ट ओढून घेतली, भर उन्हात.

संध्याकाळी हवालदार घरी आले. या वेळी फाईल नव्हती.

"ताई, ती प्रत देता का? दुरुस्ती कराची हाये."

"काय दुरुस्ती?"

"खरी तारीख टाकतो म्हने साहेब. अर्जाची पोच बी सोबत जोडतो."

"आन उशीर काऊन झाला ते?"

हवालदार पायाच्या अंगठ्याने फरशी उकरत राहिले. "ते बी लिहितो म्हने."

"मंग मीच येते. लिहून झालं का वाचीन, आन मंग प्रत देईन."

तसंच झालं. नोटीस मागे घेतली गेली. गाडी कोर्टातून सोडवून आणावी लागली, पण एरवी गहाळ होणारे कागद त्या वेळी आपल्या पायांनी चालत गेले. चोर अजून सापडलेला नाही. बहुतेक अजून अंधाराचा फायदा घेतो आहे. मोपेड घरी आली तेव्हा तिला देशीचा वास येत होता, तो बायकोने दवाखान्यातल्या फिनेलने घालवला. हॉर्न अजून दोनदा वाजतो.

सेवाग्राम रस्त्यावर आजही नाकाबंदी असते. जांभळी गाडी लांबून दिसली की शिपाई सवयीने अडसर बाजूला करतो आणि बायको सवयीने ब्रेक दाबते. परवा मी मागे बसलो होतो.

"जा न ताई, जय भीम."

"जय भीम. गाडी तपासा."

"तुमची गाडी कायले तपासू, ताई? तुमाले कोन नाई ओळखत?"

"गाडीले ओळखता तुमी. मले नाई." तिने हेल्मेट काढलं, स्कार्फ सोडला, सीट उघडली. "पाहा."

मागे रांग लागली होती. एक ट्रकवाला हॉर्न वाजवत होता. शिपायाने वाकून आत पाहिलं. आत तिचा डबा होता, रेनकोट होता आणि एका घडी घातलेल्या पिशवीत माझा चष्मा होता, जो मी दोन दिवस शोधत होतो.

"झालं ना समाधान?" शिपाई म्हणाला.

"डबा बी उघडून पाहा," बायको म्हणाली.

त्याने पाहिला. आत भेंडीची भाजी होती.