किल्ल्याखालची झर

पेडण्यातल्या एका जुन्या किल्ल्याच्या बागेत पर्यटकांसाठी केंद्र बांधायचं होतं. त्याच्या पाण्याची आणि सांडपाण्याची आखणी माझ्याकडे आली. मी डिचोलीहून म्हापशाला यायचे आणि तिथून पेडण्याची बस धरायचे. पहिल्याच आठवड्यात उतारावरच्या झरीपाशी एक बाई भेटली. तिची मिरची आणि अळू त्याच पाण्यावर. तिने मला करवंटीतून पाणी प्यायला दिलं आणि म्हणाली, "बाये, वर कायव बांधा, पण ह्या झरीत घाण येवक देव नको."

"नाही येणार," मी म्हणाले. किती सहज म्हणाले.

मी आखलंही तसंच होतं. छपराचं पावसाचं पाणी किल्ल्यातल्या जुन्या टाक्यात. संडासाचं सांडपाणी आधी बंद टाकीत, मग खडी आणि कर्दळीच्या लांब वाफ्यातून गाळून बागेतल्या झाडांना. शोषखड्डा घ्यायचा नाही, असं नकाशावर लाल शाईने लिहिलं होतं. जांभा दगड म्हणजे चाळणीच. वर ओतलेलं खाली उतरतंच.

मग आई आजारी पडली म्हणून मी पंधरा दिवस घरी राहिले. परत आले, तर वाफ्याच्या जागेवर गाड्या लावायला फरशी घातलेली आणि टाकीतला पाइप शोषखड्ड्यात सोडलेला. आमच्या ऑफिसातल्या साहेबांना विचारलं. ते म्हणाले, "उद्घाटन होऊन जाऊ दे. वाफा मागाहून करू." आणि काम आराखड्याप्रमाणे झाल्याचा कागद पुढे सरकवला. माझी नोकरी अजून कायम व्हायची होती. मी सही केली.

पुढच्या पावसाळ्यात त्या बाईच्या घरी जुलाब सुरू झाले. नवऱ्याला इस्पितळात ठेवावं लागलं. झरीचं पाणी तपासलं, त्यात मैला निघाला. पाणी पिऊ नये, अशी पाटी लागली.

मी तिच्याकडे गेले आणि सगळं सांगितलं, सहीचंही. ती टँकरचं पाणी कॅनमध्ये भरत होती.

"म्हंजे तुका ठावक होता?"

"हो."

तिने कॅन उचलला, आत गेली आणि दार लोटून घेतलं.

वाफ्यासाठी मी तीन पत्रं लिहिली. एकाचंही उत्तर आलं नाही. नोकरी कायम झाली. तिने त्या वर्षी मिरची लावली नाही, त्यानंतरही नाही. केंद्र चालू आहे. माणसं येतात, हात धुतात, संडास स्वच्छ आहेत म्हणतात. ते सगळं पाणी अजून त्याच खड्ड्यात जातं.