वारा न शिरणारं कॅबिनेट

माझ्या वडिलांनी केलेल्या कोठीत वारा शिरत नाही, हे इंदापूरच्या बाजारात कुणालाही विचारलं असतं तरी त्यानं सांगितलं असतं. एस्टी स्टँडमागच्या बोळात आमचं पत्र्याचं दुकान होतं आणि दुकानामागं घर. आजोबांनी धर्म बदलला तेव्हा गावकीची कामं सोडली आणि हातात कातर-हातोडी घेतली. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ते काम असं वाढवलं की नरसिंहपूर, सणसरची माणसं धान्याच्या कोठ्यांसाठी ट्रॅक्टर घेऊन आमच्याच दारात यायची. कोठी तयार झाली की आबा ती भर उन्हात ठेवायचे, आत डोकं घालून वरून पोतं ओढून घ्यायचे आणि बघत राहायचे. उजेडाचा एक ठिपका जरी दिसला तरी फट बुजवायला कोठी पुन्हा झाळायला घ्यायचे. गिऱ्हाईक कितीही घाईत असो. "धान्य तुमचं हाय, पर कोठी माजी हाय," असं म्हणून त्याला बसवून ठेवायचे.

सगळ्यात शेवटी लाल ऑइलपेंटनं नाव. मालकाचं, त्याच्या बापाचं, आडनाव, गाव. आबांचं अक्षर शाळेच्या फळ्यावर शोभावं असं होतं. कोठ्यांवर सगळी पुरुषांचीच नावं. बाईचं नाव यायचं ते लग्नातल्या पेटीवर, तेही सासरच्या आडनावासकट. माझी पेटी कॉटखाली तयार होती. रंग दिलेली, कडी-कोयंडा बसवलेली, फक्त नावाची जागा कोरी, कारण आडनाव कुठलं येणार ते अजून ठरायचं होतं. आई अधूनमधून पेटी पुसायची आणि माझ्याकडं बघायची. तेव्हा माझ्या नाकावर कायम राग असायचा, त्यात या पेटीचा वाटा मोठा होता.

मी बारामतीला कॉम्प्युटरच्या क्लासला जायची. शिकता शिकता तिथंच शिकवायला लागले. नव्वदनंतरची ती वर्षं, तालुक्याला कॉम्प्युटर म्हणजे नवलाई होती. क्लासवाल्यांनी नवी मशिनं घेतली तेव्हा एक जुना ३८६ कॉम्प्युटर त्यांनी मला देऊन टाकला. मॉनिटर मांडीवर घेऊन एस्टीनं घरी आणला तेव्हा माझे पाय जमिनीवर नव्हते. महिनाभर अर्ज, लग्नपत्रिका असलं काहीबाही टाइप केलं. मग एका दुपारी कॅबिनेटच्या मागच्या खाचेतून पाल आत शिरली. चर्र झालं, वास सुटला. पाल गेली आणि जाताना मदरबोर्डही घेऊन गेली.

आणि नेमकं तेव्हाच काम चालून आलं. जवळच्या एका हायस्कूलच्या हेडसरांना सहामाहीचे पेपर मराठीत, स्वच्छ टाइप करून हवे होते. जमलं तर वर्षभराचे सगळे पेपर माझ्याकडं येणार होते. म्हणजे बारामतीची रोजची ये-जा बंद, घरातच माझं स्वतःचं काम. पण सरांची एक अट होती. "तुमच्याकडं दुकानात दिवसभर माणसं येतात-जातात, बाई. पेपर फुटला तर माझी शोभा. मशिन कुलूपबंद पाहिजे. एक पेपर नमुन्याला देतो. रविवारी येऊन बघतो, मग ठरवू."

पुण्याहून मी ४८६ चा बोर्ड आणवला. जुनं कॅबिनेट गंजलं होतं. आबांनी ते उचललं, नखानं टिचकी मारली आणि तोंड वाकडं केलं.

"ह्याला पत्रा म्हनत्यात? पापड हाय नुसता. ठिव तिकडं. मी करतो."

मी खाकी कागदावर मापं काढून दिली. बोर्ड पत्र्याला टेकता कामा नये म्हणून पितळेचे बारके पाय, त्याखाली सायकलच्या ट्यूबच्या चकत्या. समोर फ्लॉपी आणि बटणावर छोटं दार, त्याला कोयंडा. बाजूला हवेसाठी खाचा, मागं पंख्यासाठी जाळी. आबांनी एकेक गोष्ट तीन-तीनदा विचारून घेतली. खाचांबद्दल मात्र काही विचारलं नाही, तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

जस्ती पत्र्याच्या तळावर मी सगळं माझ्या हातानं बसवलं. चालू केलं, चाललं. मग मी प्रिंटर आणायला गेले, तेवढ्यात आबांनी वरचं आवरण चढवून चारी बाजूंनी रिव्हेट मारून टाकले. परत आले तर समोर एक देखणा डबा. कडा दुमडलेल्या, कोपरे गुळगुळीत. आणि खाच एकही नाही, जाळीही नाही. वायरींपुरती भोकं, तीही रबर लावून घट्ट केलेली.

"आबा, खाचा कुठंयत?"

"गाळल्या. पाल तितनंच शिरली व्हती न्हवं?"

त्यांचं काही चुकलं होतं असं म्हणता येत नव्हतं. पण पेपरचा पहिला प्रश्न टाइप होतोय न होतोय तोच स्क्रीन गोठला. बंद केला, वेळ जाऊ दिला, पुन्हा लावला, पुन्हा तेच. आतला पंखा आतलीच गरम हवा घुसळत बसला होता. वरून हात लावला तर चटका बसला.

"ह्याला भोकं पाडावी लागतील," मी म्हणाले.

"आजवर माज्या हातनं डब्याला उघडं भोक पडलं न्हाय," आबा म्हणाले. "आन पयलं तुज्याच डब्याला पाडू?"

"मग भरा त्यात ज्वारी!" मी ओरडले. आईनं मधे पडून सुचवलं की वरचं झाकण काढून टाकू आणि मुंग्या लागू नयेत म्हणून दुभत्याच्या कपाटासारखे खाली पाण्याचे वाडगे ठेवू. विजेच्या मशिनखाली पाणी! मी कपाळाला हात लावला. आबा उठून दुकानात गेले, मी उंबऱ्यात तोंड फुगवून बसले. रविवार जवळ आला होता आणि सरांना मी हा डबा दाखवणार होते की गोठलेला स्क्रीन, ते मलाच कळत नव्हतं.

दुकानात सणसरचे एक तात्या कोठी न्यायला आले होते. आबा त्यांना सांगत होते, जे ते प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचे. "बाजरी चांगली वाळवून भरा, तात्या. वलसर भरली तर आत तापती, वाफ धरती. मंग माज्या कोठीला नावं ठिवू नगा."

हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले होते. त्या दिवशी पहिल्यांदा नीट ऐकलं.

"आबा," मी उंबऱ्यातूनच म्हणाले, "कॉम्प्युटर म्हणजे वली बाजरी हाय. आन ही कदीच वाळत न्हाय. चालू हाय तवर तापतच ऱ्हाती."

आबांनी माझ्याकडं बघितलं. मग आत आले, डब्यावर तळहात ठेवला आणि तसाच ठेवून उभे राहिले. छन्नी घेतली आणि आपलेच रिव्हेट एकेक करून तोडले, तात्यांच्या देखत. दुकानात ते चाळण्याही करायचे. चाळणीला भोकं पाडायचा पंच काढला आणि आवरणाच्या दोन्ही बाजूंना, मागच्या अंगाला बारीक भोकं पाडायला बसले. पाल सोडा, झुरळही शिरणार नाही एवढी. ओळी इतक्या सरळ की दोरी धरल्यासारख्या.

तात्यांना चेष्टेची लहर आली. "आबा, तुमच्या डब्याला भोकं? उद्या माज्या कोठीला बी पाडताय का काय?"

आबांनी मान वर केली नाही. "तुमची बाजरी पडून ऱ्हानार, तात्या. हितं आमच्या लेकीचं काम चालनार हाय. कामाला वारा लागतो."

झाल्यावर सवयीनं त्यांनी आवरण उन्हात धरलं आणि आत तोंड घातलं. बराच वेळ बाहेर आले नाहीत. मग मला हाक मारली, "ये, बघ." मी वाकून बघितलं. सगळीकडं उजेडाचे ठिपके. जन्मभर ज्या ठिपक्यांवर ते चिडत आले, तेच ते मला कौतुकानं दाखवत होते.

शनिवारी सकाळपासून दिवे लागेपर्यंत मशिन चालू ठेवलं. एकदाही अडकलं नाही.

रविवारी सर आले. आबांनी डब्यावर पांढरं फडकं टाकून ठेवलं होतं, मलाही हात लावू दिला नव्हता. सरांच्या समोर त्यांनी ते काढलं. पुढच्या दारावर, कुलपाच्या वर, ताज्या लाल रंगात नाव होतं. माझं नाव, आबांचं नाव, आमचं आडनाव, मु. पो. इंदापूर. कोठीवर असतं तस्सं.

सरांनी कुलूप ओढून बघितलं. मी पेपर उघडला, प्रिंटर कुरकुरत चालू झाला. सर पेन काढून ओळ न् ओळ वाचत होते. शेवटी त्यांनी पेनला टोपण लावलं. "उरलेले पेपर उद्या पाठवतो," म्हणाले, आणि माझा जीव भांड्यात पडला.

उठताना त्यांचं लक्ष नावाकडं गेलं. ते हसून म्हणाले, "आबा, लेकीचं लग्न झालं की हे खोडावं लागणार तुम्हाला."

"न्हाय सर," आबा म्हणाले. "ऑइलपेंट हाय. एकदा वाळला की निघत न्हाय."

ते इतकं साधं बोलले की सरांना त्यात काही वाटलं नसेल. आईनं चहाचं निमित्त काढून मान वळवली.

पुढं त्या मशिनवर मी कितीतरी शाळांचे पेपर काढले. आलेली माणसं कॉम्प्युटर बघायची आणि आबा त्यांना भोकं दाखवायचे. माझंही लग्न ठरलं, माझ्या पसंतीनं. आबांनी कॉटखालची पेटी ओढली, ब्रश भिजवला आणि विचारलं, "काय लिवू?"

"कॉम्प्युटरवर लिवलंय तेच," मी म्हणाले.

आबांनी तेच लिहिलं.