गोळी आणि अर्धा कोयता

आमच्या शिरूर कासारकडे ऊसतोडीला जाणाऱ्या नवरा-बायकोला मिळून एक कोयता म्हणतात. तो ऊस तोडतो, ती मोळ्या बांधते. एकजण घरी राहिलं की उरतो तो अर्धा कोयता. आईच्या इन्सुलिनपायी दादा, म्हणजे माझे वडील, अर्धेच जातात. जोडीला चुलता असतो. फडावरच्या कोपीत, म्हणजे पाचटाच्या खोपटात, फ्रीज नसतो. एका हंगामात आईनं औषधाची बाटली ओल्या फडक्यात गुंडाळून मडक्यात ठेवली होती. तरी उन्हानं औषध नासलं आणि तिला बेशुद्धीत दवाखान्यात न्यावं लागलं. तेव्हापासून ती गावीच, शेजाऱ्यांच्या फ्रीजच्या भरवशावर.

मी औषधनिर्माण महाविद्यालयात शिकवते आणि इन्सुलिन तोंडानं देता येईल का, ते शोधते. नुसतं गिळलं तर ते पोटातच पचून जातं. म्हणून समुद्री शेवाळातून निघणाऱ्या पॉलिमरचे साबुदाण्याएवढे मणी करायचे आणि त्यांत इन्सुलिन कोंडायचं. हे मणी सिरिंजच्या सुईतून थेंब पाडून होतात. लोकांची सुई सुटावी म्हणून मी दिवसभर सुईच दाबत बसते. मणी पोटातल्या आम्लात टिकतात, आतड्यात उघडतात. पण तिथून रक्तात शिरायला इन्सुलिन फारसं राजी नसतं.

दसऱ्याच्या सुमारास आमच्या प्रयोगशाळेचं उद्घाटन झालं. प्रयोगशाळा तीन वर्षं चालूच होती, फीत तेवढी कापायची राहिली होती. पाहुण्यांनी बरणीतल्या मण्यांना हार घातला नाही, एवढंच. "बीडच्या मातीतून इन्सुलिनची गोळी निघाली!" असं ते माइकवर म्हणाले. शेवाळ समुद्रातलं आहे आणि गोळी अजून निघालेली नाही, हे सांगायला कुणी उठलं नाही. मीही टाळ्या वाजवल्या. भाषणाचा व्हिडिओ गावोगाव फिरला.

आठवड्यानं घरी गेले, तर दारात आईचं बोचकं बांधलेलं. तवा, परात, दोन लुगडी. टोळी नेणाऱ्या मुकादमाला तिनं पूर्ण कोयता सांगितला होता.

"आन इकडं गोळ्या," ती म्हणाली. "सकाळी ट्रॅक्टर हाय."

"माय, गोळी झाली न्हाई अजून."

"कावून? सायब तर म्हनला, निघाली."

"नुसती उंदरांना दिलीय. त्यांची साखर जराशी उतरली."

"उंदराला कुठं ऊस तोडाया जायचंय?"

मला हसू आलं. तिला आलं नाही.

"किती दिस लागतील?"

"लई वर्षं. व्हईल का न्हाई, ते बी सांगता येत न्हाई."

दादा ओट्यावर कोयत्याला धार लावत होते. मान खाली घालूनच म्हणाले, "राहू दे. मी थापतो भाकरी."

"तुमी थापता! भावजी सांगत हुते, बैल बी तोंड फिरवितो."

मग तिनं बोचकं सोडलं आणि तवा दादांच्या सामानात घातला.

सकाळी ट्रॅक्टर निघेपर्यंत ती ट्रॉलीला धरून सांगत होती, कोपीचं तोंड वाऱ्याला नका करू, अंगावर ओलं धोतर वाळवू नका. दादा नुसतं हूं हूं करत होते. ट्रॅक्टर वळला तरी ती घरात येईना. न्याहारीआधीचं इंजेक्शन ती नेहमी स्वतःच घेते. त्या दिवशी ओट्यावरच सिरिंज माझ्या हातात देऊन म्हणाली, "आज तूच दे."

मी तिच्या पोटाची कातडी चिमटीत धरली आणि सुई घातली. ती रस्त्याकडं बघत होती.