एका हाकेला दोन ओ

अक्कानं जावयाला चपलेनं मारलं, ही बातमी बाजारात पोचली तेव्हा जावयाचं मनगट अजून लालच होतं. दिवस कलेपर्यंत लोकांनी ते मनगट सोडून गाल धरला, आणि नाक्यावरच्या शिंप्यानं तर तो सुजवूनही ठेवला. सासूनं जावयावर हात टाकावा? ऐकणाऱ्यांची वासलेली तोंडं मिटेनात.

अक्का म्हणजे बारीकसारीक यंत्रं दुरुस्त करणारी. तुटलेली तार जोडायला कथलाचा डाग द्यावा तर तिनंच. रेडिओवर बसलेला हात आता लिनक्स प्रणालीवर चालणाऱ्या तळव्याएवढ्या कॉम्प्युटरवर फिरत होता. तिचा नियम एकच, जसं होतं तसं. नवीन भाग बसवायचा तर वायरीचं वळणसुद्धा जुन्यासारखंच. लोक म्हणायचे, हिनं नवरा उघडला असता तरी तस्साच परत बंद केला असता. नवरा कानानं मंद. तो हे ऐकून हसायचा. बहुधा न ऐकताच.

जावयानं नोकरी सोडून घरातच अंडी उबवायचं यंत्र मांडलं होतं. वरच्या कप्प्याचा हीटर चालू-बंद करणं कॉम्प्युटरवर बसवलेलं एक कार्ड सांभाळायचं. आता खालचा कप्पाही भरला, म्हणून अक्कानं त्याच जातीचं दुसरं कार्ड पहिल्याच्या डोक्यावर चढवलं आणि कॉम्प्युटरला कार्डांची हजेरी घ्यायला लावली.

पडद्यावर एकच कार्ड हजर.

दुसरं सापडेना, म्हणून यंत्राचा प्रोग्राम सुरूच होईना. कवचांत जीव धरलेली पिल्लं गार पडायला लागली.

"नवं कार्ड बिघडलेलं निघालं वाटतं," जावई म्हणाला.

अक्कानं जुनं काढून नवं एकटं बसवलं. हजर! नवं काढून जुनं बसवलं. तेही हजर! दोन्ही बसवली, पुन्हा एकच. अक्काच्या तोंडचं पाणी पळालं. लग्नानंतर दोघांतलं एकच दिसायला लागतं हे तिनं माणसांत पाहिलं होतं, कार्डांत पहिल्यांदाच.

तिनं पिना साफ केल्या, केबल बदलली, सगळं दाबदाबून बसवलं. एकच.

"अक्का, पिल्लं मरतील हो! आणि तुम्ही हजेरी काय घेताय?"

"जावईबापू, दम धरा. डोळ्यांवर विश्वास बसत नाहीये माझा."

तेवढ्यात स्वयंपाकघरातून लेकीची खणखणीत हाक आली, "अहो, चहा!"

"आलो!" जावई म्हणाला.

"आलो गं!" बाहेरच्या खोलीतून सासरेबुवाही म्हणाले, आणि काठी टेकत आलेसुद्धा.

"बाबा, तुम्हाला नाही, ह्यांना हाक मारली."

"मग तसं सांगावं. तुझी आई जन्मभर मलाच अहो म्हणत आलीये!"

लेक हसली. अक्का मात्र झटकन यंत्राकडे वळली. मग तिनं कॉम्प्युटरवरून एकाच कार्डाला 'चालू' असं फर्मान सोडलं. टक्! दोन्ही कार्डांवरचे दिवे एकदमच लागले.

"अगं बाई! दोघंही एकाच हाकेला ओ देताहेत!"

कार्डाचा पत्ता, म्हणजे कॉम्प्युटर त्याला ज्या नंबरानं हाक मारतो तो, ठरतो मुगाएवढी टोपी कुठल्या पिनांवर बसवलीय त्यावरून. नव्या कार्डाची टोपी अक्कानं स्वतःच्या हातानं जुन्यासारखीच बसवली होती. जसं होतं तसं! इतक्या वर्षांचा नियम असा अंगावर उलटला होता.

"म्हणजे टोपी सरकवली की झालं?" जावयाला आनंद आवरेना. त्यानं सरळ यंत्रात हात घातला.

फट्!

नेमका त्याच वेळी दारात अंडीवाला उभा. हातातला ट्रे सावरत तो एक शब्द न बोलता मागे फिरला. सगळे शब्द त्यानं बाजारासाठी राखून ठेवले होते. जावई तोंड उघडं टाकून सासूकडे बघत राहिला. लेकीच्या हातातला चहा बशीत सांडला.

अक्काचं लक्ष यंत्रातच. तिनं आधी प्लग काढला, टोपी एक पिन सरकवली, प्लग लावला, प्रोग्राममध्ये नवा पत्ता घातला. हजेरीला कार्डं दोन. खालचा हीटर तापला. जावयानं एक अंडं दिव्यासमोर धरलं. आतली काळी सावली हलली.

चपलेनं मारलं हे खरं आहे. मनगटावर मारलं. हीटरची वीज चालू होती आणि चप्पल रबराची होती.