साडूंचा उजवा बूट

पायांच्या वासाशी आमच्या साडूंइतकं उघड वैर लातूर आणि नांदेड या दोन जिल्ह्यांत कुणी धरलं नसेल, आणि त्या वासाने मागाहून इतका चोख सूडही कुणावर उगवला नसेल. मी वाढवून सांगणाऱ्यांतला नाही. गॅसची टाकी किती दिवस गेली हे कॅलेंडरवर लिहून ठेवणारा माणूस आहे मी. तेव्हा जे पाहिलं, मोजलं आणि स्वतःच्या नाकाने तपासलं तेवढंच इथे लिहितो.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. आम्ही नांदेडला, ते लातूरला. नोकरी जमीन मोजणी खात्यात. एकतीस वर्षं ते मुरुडपासून शिरूर अनंतपाळपर्यंत लोकांच्या हद्दी मोजत ढेकळं तुडवत हिंडले, तेही भर उन्हाळ्यात बंद बुटात, कारण नोकरीच्या पहिल्याच महिन्यात त्यांना बांधावर फुरसं दिसलं होतं. त्यामुळे पायांचं जे व्हायचं ते झालं, आणि ते जगजाहीर झालं त्यांच्याच लग्नात. नवरदेवाचे बूट पळवायचे आणि पैसे घेतल्याशिवाय परत द्यायचे नाहीत, ही करवल्यांची रीत. माझी बायको तेव्हा नववीत होती आणि चोरांची म्होरकी तीच. पंधरा मिनिटांत बूट परत आले. काठीच्या टोकाला अडकवून तिने ते मांडवात आणले आणि म्हणाली, "दाजी, तुमचे तुम्हाला लखलाभ. पैसे न्हाई दिले तरी चालतंय." सगळा मांडव हसला. अक्काही, म्हणजे नवरी, पदराआड खुदकन हसली. साडू तेवढे हसले नाहीत. त्या दिवसापासून त्यांनी वासाविरुद्ध शस्त्र उचललं ते शेवटपर्यंत खाली ठेवलं नाही.

त्यांचा सिद्धांत साधा होता. "घामाला वास न्हाई, पाव्हणं. कोंडलेल्या घामाला वास हाय. कोंडलेल्या कशालाबी असतोय." म्हणून बुटांचे दोन जोड, एक पायात आणि एक सुट्टीवर, सलग दोन दिवस एक जोड घालणं त्यांच्या घरात गुन्हा होता. संध्याकाळी बुटातली गादी काढून वेगळी, आत वर्तमानपत्राचे बोळे, आणि बोळ्यांनी ओल ओढली की प्रत्येक बुटात खायच्या सोड्याची एकेक पुरचुंडी. पाय दहा मिनिटं तुरटीच्या कोमट पाण्यात, घड्याळ लावून. मग बोटांच्या बेचक्या कोरड्या करायला वेगळा पंचा. एकदा मी चुकून त्या पंचाने तोंड पुसलं. साडूंनी माझ्याकडे नाही, पंचाकडे दुःखाने पाहिलं आणि तो माझ्यासमोर बाद केला. पाहुणे त्यांच्या तावडीतून सुटत नसत. चहा पिऊन उठावं तर दारात चपला-बूट नाहीत. ते गच्चीवर उन्हात, जिभा बाहेर ओढून, एका रांगेत, चौकशीला बसवल्यासारखे. नवीन व्याही आले तेव्हाही हेच झालं. व्याही अनवाणी गच्चीवर चढले आणि तळवे भाजत खाली आले.

इथवर हसण्यासारखं आहे. पण लोकांचे जोडे हुंगता हुंगता त्यांच्या नाकाला एक वेगळीच सवय लागली, आणि ती मला कधीच आवडली नाही. लग्नकार्यात ते आत न बसता जोड्यांच्या ढिगाजवळ खुर्ची टाकत. डोळे मिटून सांगत, कोण आलं, कुठल्या रानातून आलं, कोण आजारातून उठलं. एखाद्या जोड्यापाशी मात्र ते थबकत, तो उचलून नाकाशी नेत आणि हळूच परत ठेवत. मी पहिल्यांदा विचारलं तेव्हा म्हणाले, "ह्याला कायच वास न्हाई. धुतलेला न्हाई, नवा न्हाई, अन् वास न्हाई. चालत्या माणसाच्या जोड्यात माणूस असतोय, पाव्हणं. ह्यातला निघालाय." असं त्यांनी माझ्यासमोर तीनदा सांगितलं. दोघं महिन्याच्या आत गेले. तिसरे गृहस्थ लोह्याला अजून ठणठणीत आहेत आणि मला पाहिलं की तोंड फिरवतात. तिनात दोन. हिशेब मी लपवत नाही.

याच विश्वासातून त्यांचा दुसरा नियम आला होता. गेलेल्या माणसाचे जोडे कुणाला द्यायचे तर आधी वास पूर्ण काढायचा, नाहीतर घेणाऱ्याच्या मागे मालक चालत येतो. ओळखीत कुणी गेलं की साडू सोडा आणि कडुलिंबाचा वाळलेला पाला घेऊन त्या घरी जात. लोक आधी हसत, मग दारातले बूट मुकाट्याने त्यांच्या हातात देत.

गेल्या थंडीत मी लातूरला गेलो होतो. दुपारी ओट्यावर ऊन खात बसलो असताना त्यांनी पायातला काळा बूट काढून माझ्यापुढे धरला. "हुंगा."

मी हुंगला. सकाळपासून वापरलेला बूट, आणि काहीच नाही. कोऱ्या कागदासारखा.

"जिंकलात की," मी म्हणालो.

"हाव," ते म्हणाले आणि बुटाकडे बघत राहिले. "दुसराबी असाच हाय." मग बूट खाली ठेवत, "पाव्हणं, हे माझ्या मोजणीच्या साखळीवाल्याला द्यायचे. नंबर आठच हाय त्याचा. पण वास काढून द्यायचे. अन् तुम्हीच काढायचा. तुम्ही चमच्याचं माप चुकवत न्हाई."

"बिनवासाचे तर झालेत."

"आत्ता हायेत," ते म्हणाले. मी काढीन म्हणून शब्द दिला.

पंचविसाव्या दिवशी ते गेले. दवाखान्यात फक्त दोन रात्री.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी ओट्यावर आलो आणि जागीच उभा राहिलो. बूट दाराशी होते तिथेच होते. पण शेतातून आत्ताच कुणी येऊन ते काढून ठेवले असावेत, असा वास होता. जुना, भरगच्च, काळ्या मातीचा आणि घामाचा. माझी बायको आतून चहा घेऊन आली आणि उंबऱ्यातच थांबली. ती म्हणाली, "हा लग्नातला वास हाय."

मी शब्द दिलेला. कामाला लागलो. गादी काढून धुतली, बोळे भरले, सोडा प्रत्येकी दोन चमचे सपाट, कडुलिंबाचा पाला मूठभर, ऊन सकाळी नऊ ते अकरा. डायरीत दोन रकाने आखले, डावा आणि उजवा, आणि दोन्ही बुटांच्या वासाला रोज दहापैकी गुण दिले. अकराला वास दोनवर यायचा. जेवून, दिवसकार्याच्या यादीतली कामं उरकून मी चारला परत यावं, तर डावा सात, उजवा साडेसात. आठ दिवस हेच. सोडा तीन चमचे केला, तुरटीचं पाणी शिंपडलं, काही फरक नाही. बाराव्या दिवशी मी त्या बुटांना मोठ्याने म्हणालो, "अहो, उद्या द्यायचेत तुम्हाला." आणि आपण कुणाशी बोललो हे लक्षात येऊन आत निघून गेलो.

तेराव्याला मुरुडहून साखळीवाले मामा आले. एकतीस वर्षं मोजणीच्या साखळीचं एक टोक त्यांच्या हातात आणि दुसरं साडूंच्या. पायरीवर पाय ठेवला, थांबले, आणि डोक्याची टोपी सारखी करत सवयीने विचारलं, "साहेब घरातच हायेत का?"

विचारून ते स्वतःच घाबरले. आतून अक्का रडत बाहेर आली. खाली बसली, डाव्या बुटातली गादी उचलली आणि खालून एक करडा मोजा काढला.

"मीच," ती म्हणाली. "दवाखान्यातून पिशवीत एवढा एकच मोजा आला, न धुतलेला, त्यांच्या वासाचा. दुसरा तिथंच हरवला. अंथरूण हुंगलं, उशी हुंगली, सदरे हुंगले. कशालाच त्यांचा वास न्हाई. सगळं सोड्याचं. जन्मभर धूत बसले, अन् मला कायच ठेवलं न्हाई. मग रोज सकाळी तुम्ही हात लावायच्या आधी मी मोजा काढून घ्यायचे, तुम्ही वास काढून राहिले अन् दुपारी मी मोजा परत घालून राहिले. रागवू नका."

मला राग कसला येतो. उलट छातीवरचं ओझं उतरलं. आठ दिवस मी भुताशी नाही, मेहुणीशी झुंजत होतो. डायरीतला प्रत्येक आकडा जुळला. तरी सवयीने विचारलं, "पण अक्का, एकच मोजा दोन्ही बुटांत कसा पुरवला?"

"दोन्हीत कुठं?" अक्का डोळे पुसत म्हणाली. "डाव्यातच."

माझ्या बायकोने उजवा बूट उचलला, या वेळी काठी न घेता, दोन्ही हातांत, आणि नाकाशी धरला. आतली गादी मी काढून पाहिली. खाली काही नव्हतं.

"शेजारी ठेवलेला, लागला असंल वास," मी म्हणालो. पण डायरीत उजवा रोज अर्ध्या गुणाने पुढे होता, आणि ते अक्षर माझंच होतं.

"दाजीच हायेत," बायको म्हणाली आणि बूट हळूच खाली ठेवला, झोपलेलं मूल ठेवावं तसा.

साखळीवाल्या मामांनी हात जोडले. "वहिनी, मला नगं. साहेब अजून चालूनच राहिलेत. त्यांना कुठं अनवाणी करता?"

शब्द मात्र पाळायला हवा होता. मी बाजारात जाऊन आठ नंबरचा नवा काळा जोड आणला, नऊशे पन्नास रुपयांचा, आणि गुरुजींच्या समोर मामांना दिला. त्यांनी तो घालून ओट्यावर दोन येरझाऱ्या घातल्या.

"बसले का?"

"बसले. पण ह्यात अजून कुणीच न्हाई."

जुना जोड तिथेच आहे. अक्का त्याला हात लावू देत नाही, फक्त मला देते. लातूरला गेलो की नऊ वाजता ऊन ओट्यावर येतं, आणि मी तो उचलून सावलीत ठेवतो.