दमलेल्या पेशी

रोगाशी लढणाऱ्या टी पेशींना रंग लावून त्यांच्या अंगावर काय उगवलंय ते मशीनवर वाचायचं, हे माझं पोटापाण्याचं काम. महादेवपुऱ्याच्या लॅबमध्ये नव्याने आलेल्यांना मी हे मजेत शिकवायची. शत्रू दिसला की पेशी ज्या रिसेप्टरने त्याला ओळखते, तोच आत ओढून घेते आणि काही वेळाने पुन्हा वर पाठवते. लढाई हाताबाहेर जाऊ नये म्हणून ब्रेकचं काम करणारे दुसरे रिसेप्टर वर आणते. लढाई संपली की ते उतरतात. लढाई संपलीच नाही तर ब्रेक लागलेलेच राहतात, आणि शत्रू समोर असूनही पेशी हातावर हात ठेवून बसते.

मग माझ्या धाकट्या भावाला लिम्फोमा झाला, गाठींचा कॅन्सर. त्याच्याच टी पेशी काढून, नवा रिसेप्टर बसवून परत दिल्या. गाठी विरल्या, आणि पुन्हा आल्या. डॉक्टर इंग्रजीत म्हणाले, पेशी ‘एक्झॉस्टेड’ आहेत. आई माझ्या तोंडाकडे बघत होती.

“दमल्यात,” मी म्हणाले. आमच्या निपाणीकडच्या बोलीत याहून जवळचा शब्द मला सुचला नाही.

आईचा चेहरा खुलला. “दमल्यात न्हवं? मग स्वल्प विसावा दिला की उठतील की.”

त्या दिवसापासून सर्जापूर रोडच्या आमच्या फ्लॅटमध्ये तुपाचा वास हटेना. डिंकाचे लाडू, खारकेचं दूध, आणि भावाने खाटेवरून हलायचं नाही. त्याचे पाय तेव्हा धड होते. त्याला एकदा शहराच्या दुसऱ्या टोकाला, राजाजीनगरला जायचं होतं. पहिल्या नोकरीत तिथे खोली घेऊन राहिला होता, तिथल्या दर्शिनीत, म्हणजे छोट्या हॉटेलात, उभ्याने दोसा खायचा होता. आई म्हणायची, “दमलेल्या पेशी घिऊन हिंडतोस व्हय?”

मला संताप यायचा, आईचा आणि त्या शब्दाचा. पण भावानेच मला गप्प केलं. “सांगू नकोस तिला. लाडू वळताना ती रडत नाही.” त्याला सगळं ठाऊक होतं.

तो भिंत धरून चालायला लागला तेव्हा मला राहवलं नाही. स्वयंपाकघरात आईला सांगितलं, या पेशी झोपून उठत नाहीत, आता उठणार नाहीत.

आईने गॅस बंद केला. हात पुसले, त्याचा इस्त्रीचा शर्ट कपाटातून काढला, चपला खाटेपाशी आणून ठेवल्या. “चल बाळा. कुठं जायाचं म्हणत होतास, तिथं जाऊया.”

तो उठून बसला. एका पायात चप्पल घातली आणि तसाच थांबला.

“आज नको ग आई,” तो म्हणाला. “दमलोय.”

आई खाली बसली आणि तिने त्याची चप्पल काढली.